अंगठी परातीत असते, म्हणून सापडते!

मैत्रिणींनो, आठवतंय का? लग्न लागलं, जेवणावळी उठल्या, वरात घरी आली. पायातली जोडवी अजून बोचत होती. तेवढ्यात नणंदेने परात आणून मध्ये ठेवली. परातीत पाणी, पाण्यात दूध आणि कुंकू, म्हणजे तळ दिसायला नको. त्यात अंगठी टाकली आणि सगळ्यांनी कालवा केला, "शोधा आता! ज्याच्या हाताला लागेल, त्याचं घरात राज्य!" आपण लाजत हात घातला, 'ह्यां'च्या बोटांना बोटं लागली, आणि कुणाला तरी अंगठी सापडली.

आणखी एक खेळ आठवा. डोहाळजेवण. फुलांच्या वाड्या घालून आपण बसलेल्या. समोर दोन झाकलेल्या वाट्या. एकीत पेढा, दुसरीत बर्फी. "उघड गं, मुलगा की मुलगी?" आपण एक वाटी उघडायची आणि सगळ्यांनी हसायचं.

दोन्ही खेळ लपलेल्या वस्तूचेच. पण दोन्हीत मोठा फरक आहे, बरं का! अंगठी शोधून सापडते. हात फिरवा, तळ चाचपा, ती तिथे असतेच. पेढा-बर्फीत शोधायला काहीच नाही. तिथे डोकं चालवा, देवाचं नाव घ्या, डोळे मिटून उघडा, फळ तेच. हा फरक मला वयाच्या तिशीपर्यंत कळला नव्हता. कळला तेव्हा त्याची किंमत मोजावी लागली. ती हकीकत पुढे सांगतेच. आधी आमच्या बोईसरची गोष्ट.

डब्यातली तिकिटं

मी १९८० साली लग्न होऊन बोईसरला आले. गाव तेव्हा वाढत होतं. तारापूरचं अणुवीज केंद्र, देशातलं पहिलं, १९६९ च्या ऑक्टोबरात सुरू झालेलं. औद्योगिक वसाहतीत कारखान्यांमागून कारखाने उभे राहत होते. कुठूनकुठून माणसं नोकरीला आलेली. पालघरहून, डहाणूहून शटल भरभरून यायची. आणि पगाराच्या दिवशी स्टेशनाबाहेर एका टेबलाभोवती ही गर्दी! दोरीला तोरणासारखी लावलेली रंगीत तिकिटं, आणि विकणारा ओरडतोय, "आज सोडत, आज सोडत!"

महाराष्ट्र राज्य लॉटरीही त्याच सालची, १९६९ ची. त्याआधी १९६७ मध्ये केरळने देशातली पहिली सरकारी लॉटरी काढली होती. लोकांनी मटक्याच्या नादी लागण्यापेक्षा सरमिसळ नसलेलं सरकारी तिकीट घ्यावं आणि चार पैसे सरकारी तिजोरीत जावेत, असा त्यामागचा हिशेब. म्हणजे आमच्या भागात एकाच वर्षी दोन गोष्टी आल्या. एकीने घरात वीज येणार होती, दुसरीने लक्ष्मी.

माझे सासरे तिकीट घेत. दर आठवड्याला एक. व्यसन म्हणावं असं काही नाही, विडीसुद्धा ओढत नसत. सोडतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्र आलं की आधी निकालाचं पान. चष्मा पुसायचा, तिकीट मांडीवर ठेवायचं, बोट फिरवायचं. मग "हं" म्हणून तिकीट बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं. सासूबाई स्वयंपाकघरातून विचारायच्या, "लागली का?" ते म्हणायचे, "शेवटचे दोन आकडे जुळले!"

१९९१ साली ते गेले. दिवस झाल्यावर आम्ही डबा उघडला. वर्षावर्षाचे गठ्ठे, रबराने बांधलेले. हजाराच्या वर तिकिटं निघाली. तळाशी जुन्या कॅलेंडरचे कागद, त्यांच्या पाठीवर बारीक अक्षरात आकड्यांच्या रांगा. कोणत्या महिन्यात शेवटी कोणता आकडा आला, तीन कितीदा, सात कितीदा. कुठे गोल केलेले, कुठे बाण काढलेले. बावीस वर्षं ते त्या आकड्यांत अंगठी शोधत होते. बावीस वर्षांत एकदा शंभर रुपये लागले होते. त्याचे त्यांनी घरात पेढे वाटले होते.

मी ते कागद पाहिले आणि माझ्या पोटात कालवलं. कारण तीन वर्षांपूर्वी मीही हेच केलं होतं. फक्त माझ्या हातात तिकीट नव्हतं, हप्त्याचं पुस्तक होतं.

आकडा कुठे लपलाय?

माणसाला नुसत्या नशिबावर सोडून चैन पडत नाही बघा. काहीतरी खूण हवी असते. मटक्याची गोष्टच घ्या. मूळ कापसाच्या बाजारातलं. न्यूयॉर्कहून मुंबईला कापसाचे उघडते आणि मिटते भाव तारेने यायचे, त्यांच्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. १९६१ मध्ये ते बंद पडलं. मग कल्याणजी भगत आणि रतन खत्री या दोघांनी मुंबईतच आकडे काढायला सुरुवात केली. शून्य ते नऊ आकड्यांच्या चिठ्ठ्या मडक्यात टाकायच्या आणि एक काढायची, म्हणून नाव मटका. पुढे मडकं गेलं आणि पत्ते आले. तीन पत्ते काढायचे, त्यांची बेरीज करायची, बेरजेतला शेवटचा आकडा लागला म्हणायचा. दोन, पाच आणि आठ निघाले तर बेरीज पंधरा, आकडा पाच. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक झाले. १९७५ च्या 'धर्मात्मा' चित्रपटातल्या प्रेमनाथच्या भूमिकेमागे रतन खत्रीच होता, असं सांगतात.

आता गंमत पाहा. तीन पत्ते कुठेतरी बंद खोलीत निघणार. त्याचा आपल्याशी काय संबंध? पण लोक आकडा शोधायचे! स्वप्नात साप दिसला तर अमुक आकडा. साधूबाबाने दोनदा चिलीम ओढली तर दोन. कॅलेंडरावरच्या देवीच्या हातातली फुलं मोजायची, वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्राच्या रेषांत आकडा दिसतोय का ते बघायचं. आपली मुलं 'चांदोबा' आणि 'किशोर' सारखी मासिकं चाळायची, 'चित्रात लपलेले प्राणी शोधा', 'दोन चित्रांतले दहा फरक ओळखा' अशी कोडी सोडवत बसायची. मटकेवालाही तेच करत होता. पण मुलाच्या कोड्यात झाडाच्या फांदीत खरोखरच ससा काढलेला असतो. चित्रकाराने तो तिथे लपवलेला असतो. मटकेवाल्याच्या चित्रात ससा नव्हताच!

आणि हिशेब किती सोपा. आकडे दहा. लागला तर रुपयाला नऊ असा भाव. दहा बायकांनी दहा आकड्यांवर एकेक रुपया लावला, तर एकीला नऊ मिळणार आणि दहावा रुपया चालवणाऱ्याचा. रोजचा एक रुपया, दर दहांमागे. त्याला स्वप्न पडण्याची गरजच नव्हती.

कोडं की सोडत?

तुम्ही म्हणाल, मटका वाईटच. पण बुद्धीचा खेळ असेल तर? हाच प्रश्न एकदा सर्वोच्च न्यायालयात गेला होता, आणि तो आपल्या मुंबई राज्यातूनच गेला होता. आर. एम. डी. चमारबागवाला यांची शब्दकोड्यांची बक्षीस स्पर्धा होती. बंगळूरहून छापल्या जाणाऱ्या वृत्तपत्रातून ती निघायची आणि मुंबई राज्यात घरोघरी भरली जायची. प्रवेश फी भरा, चौकोन भरा, बक्षीस घ्या. दिसायला अगदी विद्वत्तेचं काम. पण अशा कोड्यांत एका जागी दोन-तीन शब्द सारखेच चपखल बसत, आणि त्यातला कोणता 'बरोबर' ते चालवणाऱ्यांनी आधीच ठरवलेलं. म्हणजे शब्द ठाऊक असून उपयोग नाही, त्यांच्या मनातला शब्द ओळखायचा! ९ एप्रिल १९५७ रोजी न्यायालयाने निकाल दिला की हा जुगार आहे, व्यापार नव्हे, आणि राज्याला तो आवरता येतो. त्याआधी १९५५ च्या कायद्याने अशा स्पर्धांची बक्षिसं महिन्याला हजार रुपयांवर नेऊ नयेत असं बंधन घातलेलंच होतं.

मला हा निकाल फार शहाणपणाचा वाटतो. वरून परातीतली अंगठी दिसते, आत मात्र झाकलेली वाटी असते. फसवणूक नेमकी इथेच होते. आणि इथेच मी फसले.

माझी 'लकी ड्रॉ'ची गोष्ट

१९८७ साली आमच्या इथे एका भाड्याच्या गाळ्यात एक योजना निघाली. दोनशे सभासद, महिन्याला शंभर रुपये, चोवीस महिने. दर महिन्याला सर्वांसमोर सोडत. लहान मुलाच्या हातून चिठ्ठी काढायची. जिचं नाव निघेल तिला मिक्सर, कुकर, शिलाई मशीन, आणि पुढचे हप्ते माफ! शेवटपर्यंत नाव निघालं नाही तरी भांड्यांचा संच मिळणार. "बुडायचं काही नाही, वहिनी," असं तो गोड बोलणारा मनुष्य म्हणाला.

मी 'ह्यां'ना न सांगता नाव घातलं. महिन्याच्या किराण्यातून शंभर रुपये वाचवायचे म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. दुसऱ्याच महिन्यात ओळखीच्या एकीला मिक्सर लागला. मग काय, मी तीन जणींना ओढलं. एक शेजारच्या वहिनी, एक बालवाडीच्या बाई, आणि तिसरी सातपाटीहून मासळीची पाटी घेऊन येणारी मावशी. मावशी पापलेटाच्या ओल्या नोटा पदरातून काढून माझ्याकडे द्यायची, मी तिचा हप्ता भरायची.

चौदाव्या महिन्यानंतर गाळ्याला कुलूप. आठवडाभर आम्ही खेपा घातल्या. गाळ्याचा मालक म्हणाला, माझंही भाडं बुडलं.

मी रात्री बसून पहिल्यांदा हिशेब केला. दोनशे जणींचे शंभर, म्हणजे महिन्याला वीस हजार. त्यातून दीड हजाराचा मिक्सर. बाकीचे कुठे जात होते, हे मी चौदा महिने स्वतःला विचारलंच नव्हतं. मी बघत काय होते? चिठ्ठी काढणारं पोर कुठला हात घालतं, आपली चिठ्ठी वर असेल की खाली! सासऱ्यांच्या कागदांवरचे बाण मी पुढे पाहिले, पण तसे बाण मी मनातल्या मनात काढतच होते.

दोघी शेजारणी चांगल्या होत्या, काही बोलल्या नाहीत. मावशी मात्र दारात पाटी उतरवून म्हणाली, "बाय, मी त्या गाळ्याकडं बघून पैसं दिलं नव्हतं. तुझ्याकडं बघून दिलं."

बांगडीसाठी साठवलेले पैसे होते. त्यातून तिघींचे चौदाशे-चौदाशे परत केले. माझे स्वतःचे गेले ते वेगळेच. 'ह्यां'ना त्याच रात्री सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, गप्प बसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढे कळलं की अशा योजनांवर १९७८ पासूनच देशभर बंदी आहे. हप्ते गोळा करून सोडतीने काहींना बक्षीस द्यायचं, याला कायदा 'प्राइझ चिट' म्हणतो. ती चालवणं गुन्हा आहे. हे मला त्या दिवशी ठाऊक असतं, तर मावशीच्या ओल्या नोटा मी हातात घेतल्याच नसत्या.

मग भिशीचं काय?

घाबरू नका, आपली भिशी वेगळी. दहा जणी, महिना पाचशे, दर महिन्याला चिठ्ठीने एकीला पाच हजार. इथे प्रत्येकीला आपले पैसे मिळतातच. चिठ्ठी फक्त कुणाला आधी, कुणाला नंतर एवढंच ठरवते. पैसे बाहेर कुणाच्या खिशात जात नाहीत. पण ती चालते विश्वासावर, म्हणून ओळखीतल्याच बायका घ्या, वही लिहा, सह्या घ्या, आणि ज्या घराची गल्ली ठाऊक नाही तिला घेऊ नका. धंदा म्हणून भिशी चालवणाऱ्या कंपनीसाठी १९८२ चा चिट फंड कायदा आहे. अशा ठिकाणी पैसे भरण्याआधी नोंदणी बघायला लाजू नका.

हातातला फोन

आता स्टेशनाबाहेरचं ते टेबल खिशात येऊन बसलं आहे. दुपारी कामं आवरली की आपणही फोनवर लपलेल्या वस्तूंचे खेळ खेळतो. जुन्या वाड्यातली किल्ली शोधा, पंखा शोधा, मांजर शोधा. खेळा की! नजर तरतरीत राहते. किल्ली तिथे काढलेली असते, सापडते. फक्त 'इशारा हवा असेल तर इतके रुपये' असं आलं की फोन ठेवून द्या. घरातल्या मुलांनाही हे समजावून सांगा. तुमच्या बँकेला जोडलेला फोन त्यांच्या हाती असतो.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून बंदी घातली. त्यात कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा वादच ठेवला नाही. पैसे लावले की झालं. १९५७ च्या त्या कोड्याचा प्रवास इथवर आला, असं म्हणायला हरकत नाही.

आणि तो निरोप! 'तुम्हाला पंचवीस लाखांची लॉटरी लागली आहे.' कधी 'कौन बनेगा करोडपती'चं नाव वापरून, कधी परदेशी लॉटरीचं. आधी कर भरा, मग बक्षीस मिळेल. मैत्रिणींनो, तिकीट घेतलं नाही तर लॉटरी लागत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे! परदेशी लॉटरीच्या तिकिटासाठी पैसे पाठवायलाही आपल्या कायद्याने मनाई आहे. चुकून पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका, तातडीने १९३० या क्रमांकावर फोन करा.

थोडं घरचं, उपयोगाचं

तुमचे 'हे', दीर किंवा सासरे तिकीट घेत असतील, तर भांडण काढू नका. भांडणाने तिकीट थांबत नाही, डब्याची जागा तेवढी बदलते. शांतपणे हा हिशेब मांडा. समजा दहा लाख तिकिटांत एक पहिलं बक्षीस आहे. दर आठवड्याला एक तिकीट, असं पन्नास वर्षं घेतलं, तर झाली सव्वीसशे तिकिटं. अशा हजार घरांनी पन्नास वर्षं चिकाटी धरली, तर त्यातल्या दोघा-तिघांना पहिलं बक्षीस लागेल. उरलेल्या नऊशे सत्त्याण्णव घरांत पत्र्याचा डबा भरेल. तिकीट वीस रुपयांचं धरलं तर एकेका डब्यात बावन्न हजार रुपये गेलेले असतील.

"इतकी वर्षं लागली नाही, आता लागेलच," असं कुणी म्हटलं तर डोहाळजेवण आठवा. घरात चार वेळा पेढा निघाला म्हणून पाचव्या वेळी बर्फीच निघेल का? वाटीला मागचं आठवत नसतं, आणि सोडतीलाही नाही.

तरी दिवाळीत हौस म्हणून एखादं तिकीट घ्यावंसं वाटलं, तर घ्या. पाडव्याला द्यूतप्रतिपदा असंही नाव आहेच की. पण ते पैसे सिनेमा, भेळ यांच्या पाकिटातले असावेत. दूध, फी, औषध यांच्या पाकिटाला हात नको. तिकिटावर सरकारचं नाव आणि शिक्का बघा, मागे नाव-पत्ता लिहून सही करा, निकाल स्वतः तपासा. मुदतीत मागितलं नाही तर बक्षिसाची रक्कम सरकारजमा होते, आणि दहा हजारांच्या वरच्या बक्षिसातून ३० टक्के कर आधीच कापला जातो, हेही ध्यानात असू द्या.

आणि महिन्याची चार तिकिटं म्हणजे ऐंशी रुपये. त्यात वीस घाला. पोस्टातली पाच वर्षांची आवर्ती ठेव महिना शंभर रुपयांपासून सुरू होते. तिची सोडत नसते, निकालाचं पान नसतं, पेढे वाटायची धांदलही नसते. पण पाच वर्षांनी हात घातला की रक्कम तिथे असते.

सोडतीची मजाच हवी असेल तर हळदीकुंकवाला हौजी खेळा. नव्वद आकडे, एका चिठ्ठीवर पंधरा. 'जलद पाच', 'वरची ओळ', 'पूर्ण घर'. बक्षिसाला आरसा, गाळणी, चहाची किटली. मुलांना लपलेल्या वस्तूंचा खेळ द्यायचा असेल तर दहा डाळींच्या बरण्यांतल्या एकीत बटण लपवा. अर्धा तास घर शांत!

परवा माझ्या सुनेचं लग्नानंतरचं पहिलं हळदीकुंकू झालं. सासऱ्यांचा तो पत्र्याचा डबा अजून घरात आहे. तिकिटं केव्हाच रद्दीत घातली. आता त्यात पोस्टाची पुस्तकं असतात. सुनेने विचारलं, "आई, लग्नात अंगठी तुम्हाला सापडली होती की बाबांना?"

मी म्हटलं, "ह्यांना. पण राज्य माझंच झालं. हिशेबाची वही माझ्याकडे होती ना!"